जुनी लाइन भंगारात काढू नका

पोस्ट मोठी आहे, पण पाण्याबद्दल आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मार्च २०२३ आठवतो का? ३१ मार्चपासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली होती. तळी आटलेली नव्हती, पाऊसही दगा देऊन गेला नव्हता. कारण एवढंच, की ठाण्यात कुणीतरी बोअर मारली आणि ती थेट मुंबईच्या जलबोगद्यात घुसली.

पुन्हा वाचा. एक बोअरवेल. आणि सव्वा कोटी लोकांच्या बादलीतलं पाणी कमी.

आमच्याकडे भांडुपला तेव्हा काय झालं ते सांगतो. कागदावर १५ टक्के, पण कपात सगळ्यांना सारखी कधीच लागत नाही. प्रेशर कमी झालं की खालच्या गल्लीत नळ थोडा बारीक येतो, आणि टेकडीवरच्या घरात येतच नाही. आमच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एक मावशी पहाटे साडेचारला हंडे घेऊन खाली यायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "बोगदा म्हणजे काय ते मला माहीत नाही बाबा, पाणी कधी येणार ते सांग." तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

मी काही वर्षं पाणीपुरवठ्याच्या साइटवर काम केलंय. त्यामुळे आधीच स्पष्ट करतो, मी बोगद्याच्या विरोधात नाही. उलट पूर्ण बाजूने आहे.

मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचं सगळं पाणी ठाणे-नाशिककडच्या धरणांमधून येतं, काही ठिकाणी शंभर किलोमीटरहून जास्त लांबून. तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून एकेक मोठी लाइन जमिनीवरून टाकत आणली. भिवंडी आणि ठाण्याच्या मध्ये खाडी आडवी येते. तिथे काशेळीजवळ पाइप खाडीवरून जातात.

नदी किंवा खाडी ही कुठल्याही लाइनची सगळ्यात कमकुवत जागा. खारी हवा लोखंड खाते. सांधे उन्हात ताणतात, थंडीत आखडतात. पुरात वाहून आलेली झाडं खांबांना अडकतात. पाइप पुलाला बांधला असेल तर पूल गेला की पाइपही गेला. पात्रात चर खणून गाडला तर पूर वरची वाळू उचलून नेतो, आणि राहिलेली वाळू उपसा करणारे नेतात. एक दिवस पाइप उघडा पडतो. म्हणून नदीच्या तळाच्या बऱ्याच खाली, न खोदता जाणं हाच शहाणा मार्ग आहे.

न खोदता म्हणजे कसं? पाइप लहान असेल तर एका काठावरून मशीन तिरकं भोक पाडत नदीखालून पलीकडे निघतं. मग ते भोक रुंद करतात आणि जोडून ठेवलेला पाइप त्यातून ओढून घेतात. पाइप मोठा असेल तर दोन्ही काठांवर विहिरीसारखे शाफ्ट घेतात. एका शाफ्टमधून मशीन पुढे जातं, मागून जॅकने पाइप ढकलत नेतात. आणि मुंबईसारखं प्रचंड पाणी न्यायचं असेल तर सरळ बोगदा. गुंदवली ते भांडुप हा बोगदा १५ किलोमीटरचा, साडेपाच मीटर व्यासाचा, जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास. वर भिवंडी, खाडी, ठाणे शहर, आणि खालून आपलं पाणी. अभिमान वाटावा असंच काम आहे.

पण मंडळी, खोदाई नाही म्हणजे काळजी नाही, असं नाही.

शंभर मीटर म्हणजे सव्वातीनशे फूट. बोअरची गाडी चारशे फूट सहज जाते. वर रस्त्यावर बोगद्याची काही खूण दिसते का? नाही. जमिनीवरच्या लाइनला भोक पडलं तर कारंजं उडतं, पोरं नाचतात, टीव्हीवाले येतात, दोन दिवसांत वेल्डिंग होतं. खोल बोगद्याची गळती आधी सापडायला हवी. मग दुरुस्तीसाठी अख्खा बोगदा बंद करायचा.

आता खरा मुद्दा. पालिकेनेच तेव्हा सांगितलं होतं, की भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राला जाणारं जवळपास ७५ टक्के पाणी या एकाच बोगद्यातून येतं. म्हणजे बोगदा बंद तर भांडुपचं पाऊण पाणी बंद. मग कपात १५ टक्क्यांवर कशी थांबली? कारण पाणी दुसऱ्या लाइनींमधून वळवता आलं. ज्यांना आपण जुनाट, गळक्या, जागा अडवणाऱ्या म्हणतो त्यांनीच आपल्याला वाचवलं.

हे कुणी ठळकपणे सांगितलं नाही, म्हणून मी सांगतोय. नवी लाइन खोलवर टाकली की जुनीबद्दल दोनच गोष्टी ऐकू येतात: भंगाराला किती येतील, आणि मोकळ्या जागेचं काय करायचं. पाण्याच्या बाबतीत हा विचार घातक आहे. दोन पाइपांच्या जागी एक मोठा बोगदा म्हणजे गळती कमी, चोरी कमी, हे मान्य. पण दोन संधींच्या जागी एकच संधी, हेही तितकंच खरं.

"दोन्ही सांभाळायचा खर्च कोण करणार?" असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. जुन्या लाइनीतून पूर्ण क्षमतेने रोज पाणी सोडा असं मी म्हणत नाही. अडचणीच्या महिन्यात शहर तहानलेलं राहणार नाही एवढी ती जिवंत ठेवा. खाडीवरचे खांब आणि सांधे तपासा, व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी फिरवून बघा. साइटवर असताना मी पाहिलंय, दहा वर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी हलत नाही. आणि जिथे जुनी लाइन खरोखरच संपली आहे तिथे पर्यायी दुसरी उभी राहीपर्यंत तिला हात लावू नका.

दुसरी गोष्ट परवानगीची. बोगदा मुंबईचा, पण जातो भिवंडीच्या गावांखालून आणि ठाण्याखालून. त्याच्या डोक्यावर कोण काय खोदतंय ते मुंबईला कळत नाही, आणि तिथल्या बोअरवाल्याला खाली काय आहे ते माहीत नसतं. गंमत बघा, २२ मार्च २०२३ ला दिल्लीत 'कॉल बिफोर यू डिग' या ॲपचं उद्घाटन झालं. खोदण्याआधी जागा कळवा, ज्यांची केबल किंवा पाइप खाली असेल त्यांना सूचना जाईल, अशी सोय. त्यानंतर नऊ दिवसांनी आपली कपात सुरू झाली! ॲप आहे, पण बोअरची गाडी दारात उभी राहण्याआधी ते कुणी उघडतं का? बोअरची परवानगीच या तपासणीला जोडा. काही जण म्हणतील, बोगद्याचा नकाशा उघड करणं सुरक्षेला धोका आहे. नकाशा उघड करूच नका. अर्जदाराने जागा सांगायची, उत्तर 'हो' किंवा 'थांबा' एवढंच यावं.

तिसरी गोष्ट बाकीच्या शहरांसाठी. अमृत २.० मधून आता लहान शहरांतही नव्या योजना होत आहेत, आणि नदीखालून पाइप नेण्याचे प्रस्ताव येत आहेत. चांगलंच आहे. २०२१ चा महापूर पाहिलेल्या चिपळूण-महाडच्या लोकांना हे पटवून द्यायची गरज नाही. पण टेंडर वाचताना एक पान नक्की बघा: जमिनीची तपासणी कुठे केली आहे? मी एका कामावर होतो. तपासणीचे बोअर फक्त दोन्ही काठांवर घेतले होते, पात्रात एकही नाही. काठाला कातळ लागला म्हणून मध्येही कातळच असेल असं धरलं. मध्ये भुसभुशीत पट्टा निघाला. ड्रिलिंगचा चिखल नदीत वर आला, मशीन अडकलं आणि पावसाळ्याआधीचं काम दिवाळीनंतर झालं. पात्रातली तपासणी महाग पडते म्हणून वाचवलेले पैसे अनेक पटींनी गेले. तोपर्यंत गावाला पाणी कुणी दिलं? जुन्या लाइनने.

म्हणून माझं मत सरळ आहे. नदीखालून जा, खोल जा, चांगली मशीन आणा. पण जाताना तीन प्रश्नांची उत्तरं लेखी द्या: हा मार्ग बंद पडला तर पाणी कुठून येणार? वर कुणी खोदायला लागलं तर तुम्हाला कसं कळणार? आणि नदीच्या मधोमध काय आहे ते तुम्ही पाहिलंय का?

तुमच्या शहराच्या पाण्याची लाइन नदी कशी ओलांडते? पुलावरून, पात्रातून की खालून? माहीत असेल तर खाली लिहा. माहीत नसेल तर आपल्या नगरसेवकाला विचारा, आणि त्याने काय सांगितलं तेही लिहा.