लष्करी ट्रकचे ब्रेक : ड्रम की डिस्क?

विशेष प्रतिनिधी

लेहहून सियाचीनच्या दिशेने रसद घेऊन निघालेल्या ट्रकला आधी सुमारे ५३५० मीटर उंचीची खारदुंग ला खिंड चढावी लागते. त्यानंतर सुमारे ३१५० मीटरवरील नुब्रा खोऱ्यात उतरावे लागते. पंधरा टन वजनाची गाडी एवढी उतरण पार करते, तेव्हा जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, ती वीजबिलाच्या भाषेत ९० युनिटच्या घरात जाते. तिचा काही वाटा इंजिन, टायर आणि वारा उचलतात. उरलेली सारी उष्णता चाकांतील ब्रेकना सोसावी लागते. अवजड लष्करी ट्रकना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवावेत, या आग्रहाचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

भारतीय लष्कराच्या वाहतुकीचा कणा असलेले 'स्टॅलियन'सारखे ट्रक हवेच्या दाबावर चालणाऱ्या ड्रम ब्रेकचे आहेत. ड्रमच्या पोटात दोन शू असतात आणि ते बाहेरच्या बाजूला फाकून ड्रमला घासतात. लांबच लांब उतारावर हा ड्रम तापतो व फुगतो, म्हणजेच शूपासून दूर सरकतो. दुसरीकडे तापलेल्या लायनरची पकडही सैल पडते. चालक पेडल दाबत राहतो आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. डिस्कमध्ये उलट घडते. उघड्यावर फिरणारी तबकडी लवकर निवते, आणि तापून फुगली तरी ती पॅडच्या दिशेनेच फुगते. ओढ्यातून गेल्यावर ड्रममध्ये साचणारे पाणी आणि चिखल हीदेखील जवानांची जुनीच डोकेदुखी. डिस्क काही फेऱ्यांत कोरडी होते.

डोंगराळ सीमाभागातील अपघातांमुळे या चर्चेला धार येते. २३ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर सिक्कीममधील झेमा येथे तीव्र वळणावर लष्कराचा ट्रक दरीत कोसळून १६ जवान मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०२३ मध्ये लडाखमधील कियारीजवळ नऊ, तर डिसेंबर २०२४ मध्ये पूंछमध्ये पाच जवानांना असेच प्राण गमवावे लागले. या साऱ्याचे खापर ब्रेकवर फोडणे चुकीचे ठरेल. अरुंद रस्ते, बर्फ, धुके, चालकाचा थकवा अशी अनेक कारणे अशा अपघातांत गुंतलेली असतात. मात्र जेथे चुकीला जागाच नाही, तेथे वाहनाकडून मिळणारी थोडीशी सवलतही मोलाची असते.

मग बदल का करू नये? अडचण अशी की, ब्रेक बदलणे म्हणजे चार नटबोल्ट काढून नवा भाग बसवणे नव्हे. ड्रममधील शू फिरत्या ड्रममुळे आपोआप अधिक जोराने दाबला जातो. डिस्कला हा फुकटचा जोर मिळत नाही, त्यामुळे तिचा कॅलिपर कितीतरी अधिक ताकदीने आवळावा लागतो. त्यासाठी एअर चेंबर, हब, कधीकधी संपूर्ण अॅक्सलच बदलावा लागतो. लष्करी ट्रकची चाके बहुधा २० इंची रिमची असतात, तर रस्त्यावरील ट्रकांचे डिस्क ब्रेक मुख्यतः २२.५ इंची रिम गृहीत धरून बनतात. कॅलिपर मावणार कोठे, येथूनच सुरुवात होते. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असा अर्धवट मेळ घातला, तर दोन्हींचा समतोल नव्याने साधावा लागतो. अन्यथा ओल्या रस्त्यावर एक अॅक्सल आधी जाम होऊन गाडी आडवी फिरण्याची भीती. राजस्थानच्या वाळूत उघडी डिस्क आणि पॅड झपाट्याने झिजतात, हा भाग वेगळाच.

अमेरिकेचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील लष्कराच्या एम-९३९ मालिकेतील पाच टनी ट्रकांच्या जीवघेण्या अपघातांचे प्रमाण, ताफ्यातील त्यांच्या संख्येच्या मानाने बरेच जास्त असल्याचे १९९९ मध्ये तेथील संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने दाखवून दिले. लष्कराने वेगमर्यादा ताशी ४० मैलांवर आणली, रेडियल टायर आणि अँटिलॉक प्रणाली बसवण्याचे ठरवले. ड्रम मात्र राहिले. नागरी ट्रॅक्टर-ट्रकांसाठी अमेरिकेने २००९ मध्ये ताशी ६० मैल वेगावरून थांबण्याचे अंतर ३५५ फुटांवरून २५० फुटांवर आणणारा नियम केला, तेव्हाही केवळ डिस्कच हवी असे म्हटले नाही. अधिक रुंद ड्रमनेही ती अट पूर्ण होऊ शकत होती.

आणि कोणताही ब्रेक चालकाच्या चुकीपुढे हात टेकतो. पुण्यातील नवले पुलावर नोव्हेंबर २०२२ मध्ये कंटेनर ट्रकने अनेक वाहनांना ठोकरले, तेव्हा 'ब्रेक फेल'ची चर्चा झाली. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडल्याचे नंतर तपासयंत्रणांनी सांगितले. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. डिस्क असती, तरी तिला हवा कोठून मिळाली असती?

जुन्या ताफ्यापुरते पाहिल्यास, आपोआप अंतर जुळवणारे स्लॅक अॅडजस्टर, अँटिलॉक प्रणाली आणि उतारावर ब्रेकचा भार हलका करणारा रिटार्डर यांवर केलेला खर्च अधिक फळ देणारा दिसतो. शिवाय सुट्या भागांच्या दोन वेगळ्या साखळ्या सांभाळण्याचा ताण आघाडीवरील कार्यशाळांवर पडत नाही. नव्या खरेदीचा प्रश्न वेगळा. युरोपात मर्सिडीजच्या 'अॅक्ट्रॉस'ने १९९६ मध्येच सर्व चाकांना डिस्क दिली होती. नव्या ट्रकची आखणीच डिस्क धरून झाली, तर रिम-अॅक्सलचा घोळ उरत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेकडे चाचणीचे मार्ग आहेत. परंतु सपाट मार्गावरील थांबण्याच्या अंतरापेक्षा, लागोपाठ दोन तास तापलेला ब्रेक शेवटच्या वळणावर किती पकड धरतो, हे मोजणारी अट निविदेत असणे अधिक महत्त्वाचे आहे.