यंत्राला धर्म नसतो, म्हणून ते न्यायी असते?

दवाखान्यांत आता सॉफ्टवेअर एजंट येऊ घातले आहेत. एजंट म्हणजे इथे दलाल नव्हे. दरवेळी माणसाला न विचारता आपणहून काम पुढे नेणारी संगणकप्रणाली. ती रुग्णाला लक्षणे विचारणार, कोणाला आधी तपासायचे ते ठरवणार, विम्याचा दावा मंजूर की नामंजूर तेही सांगणार. आपल्या समाजातले काही शिकलेले तरुण यावर खूश आहेत. त्यांचे म्हणणे असे : डॉक्टर दाढी बघतो, बुरखा बघतो, आडनाव विचारतो. यंत्राला ना जात ना धर्म. ते तरी न्याय करेल.

या आशेमागचे दुःख खरे आहे. एप्रिल 2020 मध्ये मेरठच्या एका खासगी रुग्णालयाने चक्क वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की नव्या मुस्लीम रुग्णांनी कोरोना नसल्याचा अहवाल घेऊनच यावे. पुढे काय झाले? गदारोळ उठला, गुन्हा दाखल झाला, रुग्णालयाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. भेदभाव छापील होता, म्हणून पकडला गेला.

यंत्राचा भेदभाव छापून येत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांत कोणाला जादा देखभाल द्यायची हे एक संगणकप्रणाली सुचवत असे. तिला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. ती एवढाच अंदाज बांधायची, की या माणसाच्या उपचारावर पुढे किती खर्च होईल. पण कृष्णवर्णीयांपर्यंत मुळात उपचारच कमी पोहोचतात, म्हणून आजार तेवढाच असूनही त्यांच्यावरचा खर्च कमी. यंत्राने अर्थ लावला, की हे कमी आजारी. 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधकांनी हिशेब मांडला : जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय 17.7 टक्के होते. ही चूक काढली तर ते 46.5 टक्के झाले असते. शिवी नाही, जाहिरात नाही, आणि कोणाला पत्ताही नाही.

आता आपल्याकडे बघा. पैशाअभावी वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईची दवाखान्यात नोंदच नसते. तो कोरा कागद यंत्राला ठणठणीत तब्येतीचा दाखला वाटेल. नावांची गत तर आणखी वेगळी. आधारवर ‘मोहम्मद’, रेशनकार्डावर ‘मो.’, केसपेपरवर ‘महंमद’, माणूस एकच. आज खिडकीवरच्या कारकुनाशी भांडता येते, साहेबांना भेटता येते. उद्या ‘सिस्टिम घेत नाही’ म्हटल्यावर भांडायचे कोणाशी?

माझा विरोध यंत्राला नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाची शंका सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणीसाठी 2021 मध्येच हिरवा कंदील दाखवला आहे. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला त्याचा फायदाच होईल. तिथे यंत्र शंका सांगते. निदानासाठी पुढे थुंकीची तपासणी होते. शंका सांगणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे.

निकाल देणाऱ्याने जबाब द्यायचा असतो, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. वैद्यकी न जाणता जो उपचार करील तो नुकसानीला जबाबदार, अशा अर्थाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. 931 साली बगदादमध्ये वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला, तेव्हा खलिफा मुक्तदिरने परीक्षा दिल्याशिवाय वैद्यकी करायला बंदी घातली. परीक्षक नेमला सिनान इब्न साबित. इस्लामी वैद्यकाच्या सुवर्णकाळाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या वक्त्यांनी हा हुकूमही जरा वाचून दाखवावा.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. यंत्राची परीक्षा इथल्या रुग्णांवर व्हावी, गरिबांवर आणि बायकांवर ते किती चुकते तेही जाहीर व्हावे. उपचार किंवा दावा नाकारला तर कारण लेखी मिळावे, मराठीत आणि उर्दूतही. त्या कागदावर माणसाची सही असावी आणि दाद मागायला जागा असावी. तलाक आणि हिजाबवर परिषदा भरवणाऱ्या आपल्या संघटनांनी एक परिषद यावरही घ्यावी. तिथे ऊसतोड कामगारांना बोलवावे, आदिवासींना बोलवावे. त्यांचाही कागद कोराच आहे.

यंत्राला धर्म नसतो हे कबूल. पण त्याला लाजही नसते, आणि कोर्टाचे समन्सही त्याच्या नावाने निघत नाही. ते ज्याच्या नावाने निघेल, तो माणूस आधी दाखवा.