उसाची भावकी

लोणंद भागात ओढ्याकाठी पावसाळा सरता सरता पांढऱ्या तुऱ्यांचे गवत डोलते, ते कांस. तण म्हणून आपण ते उपटतो. पण वाचकहो, ते उसाचे जवळचे भावंड आहे. पाने अरुंद, कांडे बोरूसारखे बारीक, गोडी नाममात्र. जमिनीतली मुळकांडे मात्र खणता खणता हात दमवतात. ज्वारीही याच भावकीतली, थोडी लांबची.

हा चिवटपणाच उसाला हवा होता. कोइमतूरला जाड, गोड उसाशी कांसाचा संकर करून १९१८ साली उत्तर भारतासाठी को २०५ ही जात देण्यात आली. पुढे तेथेच जानकी अम्माळ यांनी ऊस व या गवतांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. मागास गणल्या गेलेल्या तिय्या समाजातील या विदुषीचे नाव आपल्या मुलींना ठाऊक असावे, असे आम्हास वाटते.

लोणंदजवळच पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तेथून १९९६ साली प्रसारित झालेल्या को ८६०३२ ची, म्हणजे 'नीरा'ची खूण सोपी: पानाच्या देठावर कूस नाही, पाचट सहज सुटते. तोडणीला जाणाऱ्या भगिनींना ही खूण पुस्तकाविना कळते. कुसाचा ऊस दिवसभर तोडला, की हातामानेची खाज रात्री झोपू देत नाही.