आजोबांचं खिशातलं घड्याळ मोडीत काढण्याआधी



सोन्या-चांदीचे भाव चढले की घराघरांतल्या जुन्या पेट्या उघडतात. त्यातून बांगड्या, अंगठ्या निघतात आणि एखाद्या घरी पणजोबांचं साखळीचं घड्याळही निघतं. ते बंद असतं, चावी फिरत नाही, म्हणून थेट सराफाच्या तराजूवर जातं. केस वितळते आणि आतलं मशीन कचऱ्यात जातं. माझं स्पष्ट मत आहे की हे थांबायला हवं. घड्याळ विकणारा असो की छंद म्हणून जमवणारा, दोघांनीही आधी ते वाचायला शिकावं.

'वाचायला' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तबकडीवरची वेळ तर आपली तिसरीतली मुलंही वाचतात. पण खिशातल्या घड्याळाची खरी माहिती मागच्या झाकणाच्या आत असते. काही झाकणं बिजागरीवर उघडतात, काही आट्याची असतात आणि फिरवून काढावी लागतात. अंदाज येत नसेल तर सुरीचं टोक घालू नका, अनुभवी घड्याळजीकडून उघडून घ्या. मग एक भिंग घ्या आणि पुढच्या गोष्टी पाहा.

मशीनवरचा क्रमांक : वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन या अमेरिकन कंपन्यांच्या मशीनवर अनुक्रमांक कोरलेला असतो. त्यावरून घड्याळ साधारण कोणत्या साली बनलं ते काढता येतं. झाकणावर वेगळा क्रमांक दिसेल, तो केस बनवणाऱ्याचा. तिकडे मशीन आणि केस बहुतेक वेळा स्वतंत्र विकले जात आणि दुकानदार ते जोडून देई. त्यामुळे दोन क्रमांक जुळले नाहीत म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही. मात्र केसच्या आतल्या कडेवर स्क्रूच्या जादा खुणा दिसल्या, तर हे मशीन नंतर बसवलं असावं असं समजा.

केसवरचे ठसे : इंग्लंडच्या चांदीच्या केसवर चालत्या सिंहाचा ठसा असतो. त्याचा अर्थ चांदी 925 शुद्धतेची. शेजारी नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमला झाली, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनला. सोबतचं एक अक्षर वर्ष सांगतं. अमेरिकन केसमध्ये '20 वर्षे' किंवा '25 वर्षे' असं लिहिलेलं आढळतं. ते घड्याळाचं वय नाही बरं का! वरचा सोन्याचा पत्रा तेवढी वर्षं टिकेल, अशी ती हमी आहे. म्हणजे ती केस भरीव सोन्याची नाही. सराफाकडे जाण्याआधी एवढं जरी कळलं, तरी पुष्कळ झालं.

चावी : आधीच्या घड्याळांना वेगळी किल्ली लागायची. डोक्यावरच्या बटणाने चावी देण्याची सोय आद्रियाँ फिलिप यांनी 1840 च्या दशकात आणली. पण किल्लीची घड्याळं त्यानंतरही बरीच वर्षं बनत होती, म्हणून नुसत्या किल्लीवरून वय ठरवू नका.

तबकडी : जुनी पांढरी तबकडी बहुधा तांब्याच्या पत्र्यावर इनॅमल भाजून केलेली असते. केसासारखी बारीक चीर असली तरी घाबरू नका. रोमन आकड्यांत चार हा पुष्कळदा चार उभ्या रेघांनी लिहिलेला दिसेल, ती चूक नाही, घड्याळांची जुनी रीत आहे. आपल्याकडे वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं बरीच सापडतात. तबकडीवर 'बॉम्बे' असलं तरी आतलं मशीन स्वित्झर्लंडचं असतं.

आता जमवणाऱ्यांसाठी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात नवी पितळी घड्याळंही 'अँटिक' म्हणून पुढे केली जातात. तबकडीवर लंडनचं नाव आणि ठळक अक्षरांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं साल! आपण कधी जन्मलो हे तबकडीवर मिरवायची जुन्या घड्याळांची रीत नव्हती. मशीनवर एखादं साल सापडलं, तरी ते पेटंटचं असू शकतं.

आणखी एक गैरसमज. 2014 मध्ये जिनिव्हाला पाटेक फिलिपचं एक खिशातलं घड्याळ सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलरला विकलं गेलं. अशा बातम्या वाचून आपल्यालाही लॉटरी लागली असं वाटतं. पण एकट्या एल्जिन कंपनीने सुमारे 6 कोटी घड्याळं बनवली. जुनं आहे म्हणजे दुर्मीळ आहे, असं नाही.

मग साध्या घड्याळात जपण्यासारखं काय आहे? पहिलं म्हणजे त्यातली कारागिरी. 1891 मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या किप्टनजवळ दोन रेल्वेगाड्या धडकल्या. एका कर्मचाऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं, असं सांगतात. त्यानंतर रेल्वेच्या घड्याळांची कडक तपासणी सुरू झाली आणि पुढे आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक नको, असा नियम आला. माणसांचे जीव ज्या अचूकपणावर अवलंबून होते, तो त्या मशीनमध्ये आहे. सराफाच्या तराजूत नेमकं त्याचंच मोल शून्य धरलं जातं.

दुसरं म्हणजे ते कोणाचं होतं. गांधीजींचं झेनिथचं घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट मिळून 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 18 लाख डॉलर आले. हे पैसे धातूचे नव्हते. आपल्या पणजोबांच्या घड्याळाला लिलावात अशी किंमत येणार नाही, पण घरात तर आहे ना? ती टिकते कधी, तर कोणीतरी लिहून ठेवलं तर.

"पण पैशांची नड असेल तर?" असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. जरूर विका. फक्त वजनावर विकू नका, घड्याळ म्हणून विका. आधी दोन जाणकारांना दाखवा. घासूनपुसून चकचकीत करू नका, त्यात ठसे आणि कोरीवकाम झिजतं. वर्षानुवर्षं बंद असलेलं घड्याळ चावी देऊन चालवूनही पाहू नका. आतलं तेल सुकलेलं असतं, त्यामुळे बारीक भाग झिजतात. आधी साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या.

शिक्षक मित्रांनो, परिसर अभ्यासात आपण मुलांना 'घरातल्या जुन्या वस्तूंची माहिती गोळा करा' असं सांगतोच. या वेळी घड्याळाचंही नाव घ्या. वहीच्या एका पानावर एवढंच लिहायला सांगा : घड्याळ कोणाचं, ते काय काम करायचे, ते कुठून आलं, मशीनवरचा क्रमांक आणि ठसे. माहिती सांगणारी आजी आज घरात आहे, तोवर हे पान भरून घ्यायला हवं.