बिल्टीवर भाडं लिहा, मग विश्वासाचं बोला

रनाळ्यात 'पॅकर्स अँड मूव्हर्स'ची शाखा आहे, हे मला मोबाईलकडून कळलं. गावातल्या कुणालाच ती कधी दिसलेली नाही. पण कंपनीच्या पानावर 'रनाळेवासीयांची पहिली पसंती' असं ठळक लिहिलंय आणि खाली निळ्या गणवेशातले हमाल दात काढून उभे आहेत. गावाचं नाव बदलून तेच पान शहाद्याला चालतं, दोंडाईच्यालाही चालतं. फोन लावून पत्ता विचारला तर पलीकडचा म्हणाला, "सर, लोकेशन व्हॉट्सअॅप करतो." लोकेशन अजून यायचंय.

असा माणूस वाहतूकदार नसतो, दलाल असतो. 'सगळं धरून 12,000' असा भाव तो फोनवर देतो, टोकन घेतो आणि पुढच्या मिनिटाला तुमचं काम जो कमीत कमी पैशांत गाडी लावेल त्याला विकतो. गाडीवाल्याला तुमच्याशी काय ठरलंय ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायची त्याला गरजही नसते. सामान गाडीत चढलं, ताडपत्री बांधली, की मग 'जिना वेगळा, टोल वेगळा, कपाट खोलायचे वेगळे' सुरू होतं. आता 28,000 द्या, नाहीतर गाडी हलणार नाही. तुमची गादी, गॅस, पोरांची दप्तरं त्याच्या ताब्यात. वाद कुणाच्या जिवावर घालणार?

नामवंत कंपनी शोधू म्हणाल, तर तिथेही गोम आहे. 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव शोधलं की प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती पुढे येतात, ही तक्रार घेऊन त्या नावाची मालक डीआरएस लॉजिस्टिक्स थेट गुगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट 2023 मध्ये खंडपीठाने सांगितलं, की जाहिरातींसाठी अशी नावं वापरली जातात त्या व्यवहारात गुगल सक्रिय सहभागी आहे. ज्यांचं नाव आहे त्यांनाच कोर्टाची पायरी चढावी लागली, तिथे शोधातल्या पहिल्या नावावर बोट ठेवून बुकिंग करणाऱ्या, बदली झालेल्या एखाद्या गुरुजींचं काय?

आणि ती 'आयबीए मान्यताप्राप्त' पाटी! भारतीय बँक संघाची वाहतूकदारांची यादी असते ती बँकांना मालाच्या बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, व्यापाऱ्याला पैसे देता यावेत म्हणून. तुमचा फ्रीज धड पोचेल, याचं प्रमाणपत्र त्यात कुठून आलं? पण पाटीला गिऱ्हाईक आहे. बदली झालेल्या नोकरदारांत असेही महाभाग आहेत, जे सामान भाच्याच्या पिकअपमधून नेतात आणि बदलीच्या भत्त्यासाठी अशा पाटीवाल्या कंपनीचं कोरं बिल विकत घेतात. न हललेल्या सामानाचं बिल जी कंपनी खुशाल फाडते, ती हललेल्या सामानाचं खरं बिल देईल अशी आशा हेच लोक पुढच्या बदलीला बाळगतात. धन्य आहे.

खरी मेख बिल्टीत आहे, आणि ती कुणी वाचत नाही. 1865 चा जुना कायदा मोडीत काढून 2007 मध्ये रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा नवा कायदा आला. 2011 च्या नियमांप्रमाणे, मालाची किंमत आधी जाहीर करून जादा दर कबूल केला नसेल, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट. आता 25,000 च्या बिलाकडे नीट बघा. भाडं 6,000, पॅकिंग 9,000, चढ-उतार 6,000, इतर 4,000. तुम्हाला वाटतं, किती स्वच्छ हिशेब! त्या स्वच्छतेपायी भरपाईचं गणित अडीच लाखांवरून 60,000 वर उतरतं. शेजारच्या घरी आलेल्या सामानाच्या यादीत मी तर याहून पुढची गंमत पाहिली. कपाट, टीव्ही, शिलाई मशीन, प्रत्येक नगापुढे 'जुना, ओरखडे आहेत' हे छापूनच आलेलं होतं! सामानाला हात लागायच्या आधीच ओरखडे तयार. खाली सहीची जागा मात्र कोरी, तेवढी तुम्ही भरायची.

विम्याचंही तसंच. सामानाच्या किमतीवर टक्केवारी लावून पैसे घेतात, पावती स्वतःच्याच लेटरहेडवर देतात. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक मागा, मग बघा साहेबांच्या फोनची रेंज कशी जाते.

सामान अडवलं तर पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला' म्हणून वाटेला लावायचा प्रयत्न होईल. हलू नका. वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मालाची नासधूस झाली किंवा तो गहाळ झाला, तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, म्हणजे पुण्याला पोचलात तर पुण्यात. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.

माझं मत विचाराल तर नंदुरबारच्या गाडीतळावरचा आयशरवाला बरा. त्याला गणवेश नसेल, बबल रॅपऐवजी गोणपाट असेल, पण त्याचं घर, गाडीचा नंबर आणि मेव्हणा, तिन्ही ठाऊक असतात. मोठीच कंपनी हवी तर आधी तिच्या गोदामात जाऊन या, नोंदणी बघा, आणि बिल्टीवरचं नाव ज्या खात्यात पैसे टाकता त्याच नावाशी जुळतंय का ते तपासा. पूर्ण भाडं एका ओळीत लिहून सही दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर एक पातेलंही जाऊ देऊ नका.