ई-क्लासचा भाव : प्रकल्पाला १ रुपया, कसणाऱ्याला नोटीस

उंद्री (ता. चिखली, जि. बुलढाणा) : आपल्याकडे गायरानाला ई-क्लास म्हणतात. कागदावर ही गुरांच्या चराईची सरकारी जमीन. प्रत्यक्षात विदर्भ-मराठवाड्यात तिचे कित्येक तुकडे भूमिहीन बौद्ध, मातंग, पारधी कुटुंबांनी दगडगोटे वेचून वहितीखाली आणले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह अशाच जमिनींसाठी होते.

आता या जमिनीला अचानक मागणी आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये (२०२३) शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभे राहतात. खासगी जमीन भाड्याने दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये मिळतात. सरकारी जमीन मात्र प्रकल्पाला नाममात्र १ रुपया भाड्याने.

हिशेब करून बघा. दोन एकरांचा सातबारा नावावर असेल तर वर्षाला साधारण १ लाख रुपये घरात येतात. तेवढेच दोन एकर ई-क्लास एखादी बाई तीस-पस्तीस वर्षे कसत असेल तर तिला शून्य. उलट अतिक्रमण हटवा म्हणून नोटीस. ग्रामपंचायतीला प्रोत्साहन म्हणून वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षे पैसे मिळतात, पण ज्या घराचे पीक गेले त्या घरासाठी त्यात वेगळा वाटा नाही. आणि दिवसा वीज कोणाच्या पंपाला? ज्याची विहीर आहे त्याच्या. सातबारा नसलेल्याला पीककर्ज नाही, पीएम-किसानचे ६ हजारही नाहीत.

सौरऊर्जेला विरोध करण्याचे कारण नाही. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला साप चावतो, कोळशाच्या धुराचा त्रास चंद्रपूरला जाऊन विचारावा. प्रश्न स्वस्त विजेची किंमत कोण मोजतो, हा आहे. प्रकल्पाची जमीन १ रुपयात पडते, कारण तिच्यावर राबलेल्या माणसाची मेहनत हिशेबात धरलेलीच नाही.

यावर पर्यावरणाचा मुद्दा पुढे केला जातो : अतिक्रमणाने चराई बुडते. त्यात तथ्य आहे. आपल्याच वस्तीतल्या शेळ्यांनाही कुरण लागते. पण प्रकल्पाला तारेचे कुंपण पडले की शेळीही बाहेर आणि नांगरही बाहेर. जमीन महसूल संहितेचे कलम २२-अ गायरानाला संरक्षण देते, मात्र सार्वजनिक प्रयोजनाची वाटही उघडी ठेवते. भूमिहीनाचे पोट सार्वजनिक प्रयोजनात का बसत नाही, हे कोणी विचारत नाही.

नोटिशीत बहुधा २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला असतो. तो मूळ निकाल वाचायला हवा. प्रकरण पंजाबातल्या एका गावतळ्यावर भराव टाकून बांधलेल्या घरांचे होते. पैसा आणि राजकीय वजन वापरून सामाईक जमिनी लाटणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा रोख होता. त्याच निकालात अपवाद आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने जमीन दिली असेल, तर ती नियमित करता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले आणि राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा हा अपवाद चर्चेत फारसा आलाच नाही.

महाराष्ट्रात २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा तो निर्णय. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख त्यात आहे, पण कितीतरी घरांच्या हाती सातबारा अजून नाही. अडते पुराव्यावर. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. त्यातली जुनी नोंद किंवा त्या काळातली दंडाची पावती हा सर्वांत भक्कम कागद. दंड भरला म्हणून लाजून फाडून टाकलेल्या पावत्याच आज हक्काचा पुरावा ठरतात.

म्हणून प्रकल्पासाठी जमिनींची यादी निघण्याआधी आपल्या गावचा नमुना १-ई माहितीच्या अधिकारात मागवा. १९९० पूर्वीच्या वर्षांची नक्कल स्पष्ट शब्दांत मागा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ग्रामसभेत प्रकल्पाचा ठराव आला तर कसणाऱ्यांची यादी इतिवृत्तात लिहून घ्या. खासगी मालकाला मिळणाऱ्या भाड्याइतकी रक्कम त्यांना द्यावी, ही मागणीही त्याच ठरावात नोंदवा.