आमची फिल्म आम्हालाही दाखवा

आदरणीय सर,

सोलापुरात येऊन तुम्ही माहितीपटावर आणि तुमच्याबरोबर आलेल्या ताईंनी परफॉर्मन्स आर्टवर व्याख्यान दिलंत, त्याला बरेच महिने झाले. हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावरही पाठवता आलं असतं. पण तुम्ही आमच्या घरातलं चारचौघांत मांडलंत, म्हणून मीही चारचौघांतच लिहिते आहे.

मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीत वाढले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. माझी अम्मा विड्या वळते. काही वर्षांपूर्वी तुम्ही कॅमेरा घेऊन आमच्याकडे आलात तेव्हा मे महिना होता. माइकमध्ये आवाज येतो म्हणून तुम्ही पंखा बंद करायला सांगितलंत आणि आम्ही केला. सोलापूरचा मे महिना काय असतो ते तुम्ही घामाने भिजून पाहिलंत, पण अम्मा तेव्हा चुलीच्या खोलीशेजारी बसून तुमच्यासाठी तेच तेच हात पुन्हा करत होती. शेजारच्या बायकांनी पोरांना गप्प बसवलं. त्या दिवशी तिच्या विड्या कमी भरल्या. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, म्हणजे त्या दिवशी पैसेही कमी आले. तिने तक्रार केली नाही. जाताना तुम्ही तिला म्हणालात, फिल्म पूर्ण झाली की पहिल्यांदा इथे, वसाहतीतच दाखवीन. तिने ते खरं मानलं आणि गल्लीभर सांगितलं.

त्यानंतर मला ती फिल्म दिसली ती थेट सभागृहाच्या पडद्यावर, तुमच्या व्याख्यानात, तीन-चार मिनिटांचा तुकडा म्हणून. निमंत्रण आमच्याकडे आलंच नव्हतं. माझा मावसभाऊ कॉलेजात आहे, त्याने सांगितलं म्हणून मी गेले. पडद्यावर अम्माचे हात आले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पानावर पत्र्याचा नमुना ठेवून फिरणारी कात्री, सुपातली चिमूटभर तंबाखू, बोटांतला पीळ, वर दोऱ्याचे वेढे, आणि शेवटी विडीचं तोंड आत दाबणारं नख. सर, ते तुम्ही फार सुंदर टिपलं आहे. माझा ऊर भरून आला. आणि मग कळलं की पुढेही हातच आहेत, तिचा चेहरा कुठेच नाही. तिचं बोलणंही नाही, फक्त खोकला आहे. तुम्ही सांगितलंत की ही फिल्म परदेशांतल्या महोत्सवांत पाहिली गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अम्माने मात्र ती आजही पाहिलेली नाही.

तिने तुम्हाला काय काय सांगितलं होतं, ते मला आठवतं, कारण मी शेजारीच बसून तिचं तेलुगू तुम्हाला मराठीत सांगत होते. ती सर्वांत जास्त बोलली ती घराबद्दल. भाड्याच्या एका खोलीत किती माणसं झोपायची, लाल बावट्याखाली बायका वर्षानुवर्षं कशा मोर्चे काढत राहिल्या, पोलिसांच्या गाडीत बसताना बरोबरच्या बायकांनी काय गाणं धरलं होतं. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यातून कुंभारीला विडी कामगार बायकांची 10,000 घरं उभी राहिली. 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग त्यासाठी इथे आले होते. त्याच वाटेने पुढे रे नगर उभं राहिलं आणि जानेवारी 2024 मध्ये तिथल्या 15,000 घरांचा ताबा देण्याचा कार्यक्रम झाला. विडी वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांनी एवढी वस्ती वसवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. हे सगळं अम्माने तुमच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं. त्यातलं तुमच्या तुकड्यात उरलं ते पोपडे निघालेली भिंत आणि खोकला. तिचे कष्ट तुम्ही घेतले आणि तिचा लढा तिथेच टाकून गेलात. मला लागलं ते हे.

मग ताई मंचावर आल्या. सूप, कात्री, पानं मांडून त्या बराच वेळ न बोलता विड्या वळत बसल्या. श्रमाचा काळ प्रेक्षकाला अंगावर जाणवावा, असा त्यांचा हेतू होता. त्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्यांची पानं कोरडी होती. कोरडं पान वळलं जात नाही, तडकतं. आदल्या दिवशीपासून ते भिजवून, मुरवून ठेवावं लागतं आणि हे आमच्याकडची दहा वर्षांची पोरही सांगेल. ताईंच्या हातात पान मोडत होतं, तंबाखू सांडत होती, आणि सभागृह त्याला अस्वस्थ करणारी शांतता म्हणत होतं. कार्यक्रम संपल्यावर ती तंबाखू सभागृहाच्या झाडूवाल्या मावशींनी झाडली. त्या स्वतः पूर्वी विड्या वळायच्या. त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही.

ताईंनी दाखवलेली तेहचिंग शे यांची चित्रं मी विसरणार नाही. 1980 च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कमध्ये वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कामगाराच्या हजेरीच्या घड्याळात कार्ड घालणारा माणूस, प्रत्येक वेळी फिल्मची एक चौकट, आणि सगळं वर्ष सहा मिनिटांत. मी घरी येऊन अम्माला ते सांगितलं. तिला लगेच कळलं. ती म्हणाली, "म्हणजे त्याला झोप मिळालीच नसणार." इतकी नेमकी प्रतिक्रिया त्या सभागृहात कुणाची आली नाही. त्याच शहरात, त्याच सुमारास मिअर्ल लेडरमन युकेलिस या कलावंत बाई जवळपास वर्षभर सफाई खात्याच्या पाळ्यांच्या वेळा सांभाळत फिरल्या आणि तिथल्या साडेआठ हजार कामगारांपैकी प्रत्येकाशी हात मिळवून आभार मानत राहिल्या. हे मी नंतर वाचलं. वाचताना वाटलं, ताईंनी अम्माचा हात हातात घेतला असता तर पान कसं भिजवायचं हेही तिने शिकवलं असतं.

तुम्ही म्हणाल, माहितीपट करणाऱ्याला प्रत्येक वस्तीत परत जाणं जमत नाही. पण सर, जाणारे गेले आहेत. फ्रान्सच्या झाँ रूश यांनी नायजर नदीवरच्या पाणघोड्यांच्या शिकारीची फिल्म 1950 च्या दशकात शिकाऱ्यांच्याच गावात नेऊन दाखवली. शिकारी म्हणाले, पाठलागाच्या वेळी तुम्ही वाजवलेलं संगीत चुकीचं आहे, पाण्यातल्या जनावराला ऐकू जाईल आणि ते पळेल. रूशनी ते संगीत काढून टाकलं. आपल्याकडे आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' मुंबईच्या चाळींत, ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यामध्ये नेऊन दाखवला. ज्याची फिल्म आहे तो पाहणारा असला की फिल्म सुधारते. अम्माने पाहिली असती तर तिने सांगितलं असतं, खोकला ठेवा, पण मोर्चाही ठेवा.

आणखी एक गोष्ट मनात सलते. समारोप करताना तुम्ही म्हणालात की अशा कलांची सवय नसलेल्या शहरात येऊन बोलणं तुम्हाला गरजेचं वाटतं. त्याच्या तासाभर आधी तुम्ही चित्रकार हुसेनांच्या 1967 सालच्या फिल्मचं, 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'चं कौतुक केलंत, बर्लिनला तिला मिळालेलं गोल्डन बेअर सांगितलंत. हुसेनांचा जन्म याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा. अठराव्या शतकात लावणी रचून फडावर उभे राहणारे आणि पुढे कीर्तनाकडे वळलेले रामजोशी याच सोलापूरचे. त्यांच्यावर 1947 साली राजकमलने चित्रपट काढला. शाहीर अमर शेख बार्शीचे. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकातून ते गिरणीच्या दारात, मैदानात हजारो माणसांसमोर गायले. प्रेक्षकापासून हातभर अंतरावर, जिवंत, अंगाने आणि आवाजाने काही घडवणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला वेगळं शिकवावं लागत नाही. जब्बार पटेल इथेच शिकले, प्रा. श्रीराम पुजारी सरांच्या घरी राहिले. त्या घरात भीमसेन जोशी, पु. ल. देशपांडे उतरायचे आणि शहरातली मुलं कान देऊन बसायची. कुमार गंधर्वांवर 'हंस अकेला' हा माहितीपट करणारा हा दिग्दर्शक अशा ऐकण्यातून तयार झाला. पाहुण्या कलावंताला घरातलं मानण्याची या गावची रीत जुनी आहे. तुम्हालाही आम्ही तसंच मानलं होतं. म्हणूनच राग कमी आणि वाईट जास्त वाटलं.

प्रश्नोत्तरं तुम्ही आवरती घेतलीत, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची होती म्हणून. माझा हात वर होता. संयोजक म्हणाले, मॅडम, पुढच्या वेळी.

पुढची वेळ मीच सुचवते. वसाहतीत मोकळी जागा आहे. पडदा आम्ही बांधू, खुर्च्या मंडपवाल्याकडून येतील, विजेची सोय होईल. संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे त्या दिवसाच्या विड्या पुऱ्या होतात. पूर्ण फिल्म आणा, तुकडा नको. कापून टाकलेलं चित्रण अजून तुमच्याकडे असेल तर तेही आणा, विशेषतः घराविषयी अम्मा बोलली तो भाग. ताईंनाही बरोबर आणा. पानं भिजवून ठेवायचं काम अम्माकडे लागलं. नुसता पेन ड्राइव्ह कुरियरने पाठवू नका. बायकांना तुम्हाला प्रश्न विचारायचे आहेत, आणि त्या रात्री तुम्हाला कुठलीही गाडी पकडायची घाई नसावी. राहायची सोय आमच्या घरी आहे. या वेळी पंखा चालू राहील.

तुमची वाट पाहणारी,
विडी कामगार अम्माची मुलगी
कुंभारी, सोलापूर